पुराचा गंज आणि पंधरा वर्षांची मोटार: बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातील समा भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. मालक मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले असून सत्तरीच्या जवळ आले आहेत, त्यांच्या पत्नीला गुडघ्यांमुळे रिक्षात चढणे-उतरणे जड जाते, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि मुलगी व जावई आणंदला राहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत व मोटारीचे मॉडेल मुद्दाम दिलेले नाही. रकमा मात्र त्या वेळच्या कागदांवरून घेतल्या असून जवळच्या पूर्णांकात मांडल्या आहेत. मोटार-विम्याच्या नुकसानीचे सर्वेक्षण हे माझे काम असल्यामुळे, गंजलेली मोटार दुरुस्त करावी की सोडून द्यावी याच्या सल्ल्यासाठी कुटुंबाने मला बोलावले होते.

मोटार म्हणजे ऑक्टोबर २०१० मध्ये नोंदवलेली, कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली छोटी हॅचबॅक. वर्षाकाठी धाव चार हजार किलोमीटरच्या आसपास, आणि तीही बहुतेक शहरातल्या शहरात: दवाखाना, दांडिया बाजारातले नातेवाईक, खंडेराव मार्केट आणि महिन्यातून एखाद्या वेळी आणंद. इंजिनाची तक्रार कधीच नव्हती. पुढे घडलेल्या सगळ्या चर्चेत "इंजिन तर उत्तम आहे" हे वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिले आणि दर वेळी त्याने मूळ मुद्दा बाजूला सारला.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला मोठा पूर आला. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २५ फुटांची मानली जाते. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा या भागांतल्या सोसायट्यांमध्ये नदीचे पाणी शिरले, आणि नदीतल्या मगरीही. या मोटारीत पाणी सीटच्या उंचीपर्यंत चढले व दीड दिवस तसेच राहिले. विमा केवळ तृतीय-पक्षाचा असल्यामुळे भरपाईचा प्रश्न नव्हता. पूर ओसरल्यावर ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन व गिअरबॉक्सचे ऑइल बदलले, एअर फिल्टर बदलला, ब्रेक साफ केले, सीटचे कव्हर उन्हात वाळवले आणि गाडी चालू करून दिली. गालिचा मात्र जागचा हलवला नाही.

समस्या कशी समोर आली

सीएनजीच्या टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे आत पाण्याचा दाब देऊन घेतलेली चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. ती जून २०२५ मध्ये करायची होती, म्हणून टाकी डिकीतून उतरवण्यात आली. टाकी चाचणीत उत्तीर्ण झाली. पण ज्या पट्ट्यांवर व बोल्टांवर ती बसते त्यांच्या खालचा पत्रा दोन ठिकाणी बोटाने दाबला जात असल्याचे फिटरच्या लक्षात आले आणि त्याने टाकी परत बसवायला नकार दिला. टाकी रिकामी असली तरी पोलादाचे ते मोठे ओझे असते आणि भरली की तिच्यात सुमारे २०० बार दाबाचा वायू असतो, तेव्हा धक्का बसल्यावर ती जागेवर राहील की नाही हा प्रश्न त्याने बरोबरच उचलला. एवढ्या मोठ्या प्रकरणाची सुरुवात एका फिटरच्या नकारातून झाली, ही गोष्ट मला आजही लक्षणीय वाटते, कारण त्याने मुकाट्याने बोल्ट आवळले असते तर कोणालाच काही कळले नसते.

त्याच सुमारास दुसरी एक मुदत जवळ येत होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो, एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे आणि उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा पडतात. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुटुंबाला काय ते ठरवणे भाग होते.

गंज कुठे आहे

गंजाविषयी बोलताना लोक तो किती आहे असे विचारतात. माझ्या मते तो कुठे आहे हे आधी पाहावे. आजच्या मोटारींना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचे थर एकमेकांना टाचून बनलेली पेटी हाच तिचा सांगाडा असतो. त्यामुळे दाराच्या खालच्या कडेला किंवा फेंडरच्या कमानीला पडलेले भोक दिसायला वाईट असले तरी मोटारीला फारसे अपायकारक नसते, उलट रनिंग बोर्डाच्या, म्हणजे दारांखालच्या लांब पोकळ पट्टीच्या, आतल्या थरातला, बाहेरून न दिसणारा गंज गंभीर असू शकतो, कारण अपघाताच्या वेळी बाजूचा मार तोच थर घेतो आणि सीटबेल्टचा खालचा टोकबिंदूही त्याच्याच आसऱ्याला असतो.

पुराच्या गाडीत गंज आतून बाहेर येतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. गालिच्याखाली आवाज रोखण्यासाठी जाड फेल्ट चिकटवलेले असते. एकदा भिजले की ते महिनोन्महिने ओल धरून ठेवते. रनिंग बोर्ड व बाजूच्या पोकळ्यांना पाणी निघून जाण्यासाठी तळाशी छिद्रे असतात; पुराच्या पाण्याबरोबर आलेला गाळ नेमका तिथे बसतो आणि छिद्रे बुजतात. वर तपकिरी डाग दिसेपर्यंत साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा आतून खाऊन झालेला असतो.

भार येणाऱ्या जागा जवळ असतील तर किती अंतरापर्यंतचा गंज धोक्याचा मानावा, यासाठी मी ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीतले माप वापरतो. तिथे सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट अशांच्या बैठकींपासून (ते सांगाड्याला जिथे जोडलेले असतात त्या जागांपासून) ३० सेंटिमीटरच्या आत सांगाडा फार कमकुवत झालेला असेल तर मोटार नापास होते. माप परक्या देशाचे असले तरी त्यामागची कारणे पत्र्याची आहेत, देशाची नाहीत.

तीन अंदाज

घराजवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने २६,००० रुपये सांगितले. त्याची योजना सरळ होती: भोकांवर पत्र्याचे तुकडे टाचायचे, वर लांबी (पुट्टी) भरायची, खालून काळे डांबरी कोटिंग मारायचे आणि आठवड्यात गाडी हातात द्यायची. "काका, आ गाडी हजी पांच वरस चालशे" (ही गाडी अजून पाच वर्षे चालेल), असे त्याने छातीठोकपणे सांगितले. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. गाडी चालली असतीच, कारण गाडी चालवण्याचे काम इंजिन करते. परंतु गंजलेल्या पत्र्यावर मारलेले कोटिंग ओल आत कोंडून ठेवते आणि पुढच्या तपासणाऱ्याच्या नजरेआड गंज वाढत राहतो.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका बॉडी शॉपने ६२,००० रुपयांचा लेखी अंदाज दिला. त्यात दोन्ही बाजूंचे बाहेरचे रनिंग बोर्ड, डाव्या बाजूचा पुढचा तळ व डिकीचा तळ चांगल्या पत्र्यापर्यंत कापून सीओटू वेल्डिंगने नवा पत्रा बसवणे, झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर आणि पोकळ्यांमध्ये मेण फवारणे, एवढ्याचा समावेश होता. आतला थर उघडल्याशिवाय हा आकडा पक्का धरू नये, अशी टीपही त्यांनी स्वतःहून लिहिली होती. तिसरा अंदाज अधिकृत वर्कशॉपचा होता, तोंडी, १,३५,००० रुपयांचा, आणि तो देताना सल्लागाराने काम न करण्याचाच सल्ला दिला. याशिवाय गंजलेले ब्रेक पाइप, मागचे व्हील सिलिंडर, सायलेन्सर व पुढच्या लोअर आर्मचे बुश यांसाठी १९,००० रुपये कोणत्याही परिस्थितीत लागणार होते.

पैशाचा हिशेब

मुलाचा युक्तिवाद सर्वांना परिचित असाच होता: पत्रा धड असता तर बाजारात १,०५,००० रुपये आले असते, आज जशी आहे तशी ४०,००० ते ४५,००० येतील, मग तिच्यावर ८६,००० कशाला घालायचे? ही तुलना विकणाऱ्यासाठी योग्य आहे, कारण दुरुस्तीने विक्रीची किंमत किती वाढते हे त्याला बघायचे असते. ज्याला मोटार वापरायची आहे त्याच्यासाठी ती उपयोगाची नाही. त्याने दर वर्षाच्या वापरासाठी किती मोजावे लागतील ते पाहावे.

तसे पाहिल्यावर चित्र बदलले. मकरपुऱ्याचे काम, यांत्रिक दुरुस्ती आणि नोंदणी शुल्क मिळून ८६,००० रुपये होत होते. दुसरीकडे ३,४०,००० रुपयांची सहा-सात वर्षांची जुनी मोटार घेतली आणि पाच वर्षांनी ती १,४०,००० ला गेली असे धरले, तर व्याज बाजूला ठेवूनही वर्षाला ४०,००० पडत होते. म्हणजे दुरुस्ती दोन वर्षांपेक्षा थोडी अधिक टिकली तरी ती जुनी मोटार घेण्याहून स्वस्त ठरणार होती. पाच वर्षे टिकली तर वर्षाला १७,२०० आणि दीडच वर्ष टिकली तर ५७,००० च्या वर. खर्चाचा प्रश्न अशा रीतीने टिकण्याचा प्रश्न झाला आणि टिकण्याचे उत्तर पुन्हा गंजाच्या जागेवर येऊन थांबले.

मोटार न बाळगण्याचा पर्यायही मांडला. रिक्षा व ॲपवरच्या टॅक्सीचा महिन्याला ३,५०० रुपये खर्च धरला तर वर्षाला ४२,००० होतात, आणि मोटारीचा गॅस, विमा व सर्व्हिसिंग मिळूनच २८,००० च्या आसपास जात असल्यामुळे, दुरुस्तीचा भार त्यात मिळवल्यास, निव्वळ पैशाने टॅक्सीच स्वस्त पडत होती. मालकांना हे पटले. त्यांच्या पत्नीला पटले नाही. पावसाळ्यात रात्री साडेअकराला समा भागातून दवाखान्यात जायला गाडी मिळेलच असे नाही, हे त्यांचे म्हणणे गेल्याच वर्षीच्या अनुभवावर आधारलेले होते, आणि अशा म्हणण्याला हिशेबात रकाना नसतो म्हणून ते कमी वजनाचे ठरत नाही. हा पर्याय मागे ठेवण्यात आला.

निर्णयाआधीची अट

इथे या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाला. कुटुंब मकरपुऱ्याच्या अंदाजाला होकार देण्याच्या बेतात होते. त्याऐवजी, आधी फक्त उघडून पाहण्याचे काम ५,००० रुपयांत करवून घ्यावे आणि पुढे काम दिल्यास ही रक्कम बिलातून वजा व्हावी, असे शॉपशी ठरवले. सीट, गालिचा व फेल्ट काढणे, डाव्या रनिंग बोर्डाला छोटी खिडकी कापून आत पाहणे आणि मागच्या सस्पेन्शनच्या बैठकींवरचे कोटिंग खरवडणे, एवढाच त्या कामाचा आवाका होता.

उघडण्यापूर्वीच थांबण्याच्या दोन अटी कागदावर लिहिल्या. एकूण खर्च एक लाखाच्या वर जात असेल तर थांबायचे, कारण मग दुरुस्ती अडीच वर्षांहून अधिक टिकायला हवी आणि तेवढी हमी कोणी देणार नव्हते. दुसरी अट अशी की भार घेणाऱ्या बैठकीच्या ३० सेंटिमीटरच्या आत एकापेक्षा अधिक थर बदलावे लागणार असतील तरीही थांबायचे, मग खर्च कितीही असो. अटी आधी लिहिण्याचे कारण मानवी आहे: गाडी उघडून पडली, गालिचा काढला गेला, पाच हजार दिले गेले की "आता एवढे केलेच आहे तर" या वाक्याला अडवायला काहीतरी हवे असते.

उघडल्यावर

पुढच्या तळाला अपेक्षेप्रमाणे तळहाताएवढी भोके निघाली. ती चिंतेची नव्हती. रनिंग बोर्डाच्या खिडकीतून सुकलेला गाळ आणि गंजाच्या पापुद्र्यांचा थर बाहेर आला व मधल्या खांबापर्यंत आतला पत्रा पातळ झालेला दिसला. सीटबेल्टच्या बैठकीला दिलेला आधाराचा पत्राही त्यात आला. तरीही शॉपच्या कारागिराच्या मते हे काम करण्याजोगे होते. खरी अडचण मागे डाव्या बाजूला निघाली. मागचे चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ट्रेलिंग आर्मच्या, बैठकीवरचे डांबर खरवडल्यावर खाली एक जुना टाचलेला पत्रा आणि त्याखाली आणखी एक असे दोन तुकडे मिळाले. २०१८ मध्ये मागून बसलेल्या एका किरकोळ धडकेनंतर ते काम झाले असावे. त्याचे बिल कुणाकडे नव्हते. सांध्यांचे टाके तुटक होते आणि पुराचे पाणी त्या दोन तुकड्यांच्या मध्ये जाऊन राहिले होते.

नवा अंदाज बॉडीसाठी ९८,००० रुपयांचा झाला, म्हणजे एकूण १,२२,०००. थांबण्याच्या दोन्ही अटी एकाच वेळी लागू झाल्या होत्या. जावयाने मधला मार्ग सुचवला, की सीएनजी काढून टाकून, नोंदणी प्रमाणपत्रावर तशी नोंद करून, फक्त पेट्रोलवर शहरात हळू चालवावी. त्यामुळे डिकीचा प्रश्न सुटला असता, मागच्या बैठकीचा नाही. आणि तीस-चाळीसच्या वेगातही चाकाची बैठक सुटली तर मोटार ताब्यात राहत नाही. कुटुंबाने थांबायचे ठरवले.

मोटारीचे काय करावे

दुरुस्ती न करण्याचा निर्णय त्या मानाने लवकर झाला. घरात खरा वाद पुढे झाला. जुन्या गाड्यांच्या एका दलालाने खाली न वाकता ४२,००० रुपये देऊ केले. शिवाय पहिल्या डेंटरकडून २६,००० चे काम करून घेतले तर ९५,००० सहज येतील, असेही त्याने सुचवले. अधिकृत नोंदणी असलेल्या भंगार केंद्राचा भाव होता २४,०००. म्हणजे प्रामाणिकपणाची किंमत किमान १८,००० होती आणि पेन्शनवर चालणाऱ्या घरात ती लहान रक्कम नव्हे.

मुलाचे म्हणणे होते की दलाल हा व्यवहारात मुरलेला माणूस आहे, त्याला सांगायचे काय? मालकांचे उत्तर होते की दलाल ती चालवणार नाही, चालवणारा कोणी तिसराच असेल, आणि त्याला मागच्या डाव्या चाकाविषयी कोणीच सांगणार नाही. यात मी एका कायदेशीर बाजूची भर घातली: विक्रीनंतर नोंदणी नव्या नावावर झाली नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि दलालांच्या व्यवहारांत नाव बदलायला महिने लागणे नवे नाही. पण त्यांचा निर्णय या मुद्द्यावर झाला असे मला वाटत नाही. तो त्याआधीच झालेला होता.

परिणाम

ऑगस्टमध्ये मोटार भंगार केंद्रात गेली. सीएनजीची टाकी रिकामी करून दिली, चेसिस क्रमांकाचा तुकडा कापला गेला, मोटार भंगारात दिल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळाले आणि आर.टी.ओ.कडे नोंदणी रद्द झाली. २०२१ च्या नियमांनुसार या प्रमाणपत्रावर नवी मोटार घेताना नोंदणी शुल्क माफ होते व खासगी वाहनाच्या करात राज्याला २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. कुटुंब जुनीच मोटार घेणार असल्याने त्यांना त्याचा उपयोग नव्हता. प्रमाणपत्र हस्तांतरित करता येत असल्यामुळे ते नवी मोटार घेणाऱ्या मुलीच्या नावे करण्यात आले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला छोट्या मोटारींवरचा जीएसटी कमी होणार हे जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरपासून तो उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचे भावही हलतात, म्हणून ठरत आलेला ३,४०,००० चा सौदा त्यांनी रोखून धरला व मधल्या काळात टॅक्सीने भागवले. ऑक्टोबरमध्ये त्याच वयाची मोटार ३,१०,००० ला मिळाली. त्याआधी एक गाडी नाकारली होती: तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तेव्हा आतल्या टोकाला गाळाची रेघ होती, जरी विकणाऱ्याने ती पुरात नव्हतीच असे सांगितले होते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी सप्टेंबर २०२४ मध्ये होती. सीट व गालिचा काढून फेल्ट टाकून देणे, पोकळ्या स्वच्छ पाण्याने धुणे, तळाची छिद्रे मोकळी करणे आणि सगळे वाळल्यावर मेण फवारणे याला तेव्हा चार-पाच हजारांपेक्षा अधिक लागले नसते. पूरग्रस्त गाडीच्या बाबतीत सगळे लक्ष इंजिनाकडे जाते, कारण बंद पडलेले इंजिन समोर दिसते. तळ व पोकळ्या वेळेवर धुतल्या असत्या तरी मागची जुनी जोडणी कमकुवतच राहिली असती, पण नूतनीकरणाची पाच वर्षे नाही तरी दोन-तीन वर्षे मोटारीने काढली असती, असा माझा अंदाज आहे.

हायड्रोटेस्टचे पैसे वाया गेले. पंधरावे वर्ष आणि पूर या दोन्ही गोष्टी माहीत असताना आधी लिफ्टवर चढवून तळ पाहायला हवा होता. २०१८ च्या कामाचे बिल आणि दोन-चार फोटो जपून ठेवले असते, तर उघडण्याचे पाच हजारही वाचले असते, कारण कुठे खरवडायचे ते आधीच कळले असते.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. हाच गंज फक्त बाहेरच्या रनिंग बोर्डात व पुढच्या तळात असता आणि मागची बैठक कोरी निघाली असती, तर ८६,००० खर्च करा असेच मी सांगितले असते, गाडीची बाजारातली किंमत त्याच्या निम्मी असली तरीही. जावयांचे अजून असे मत आहे की उजवी बाजू न उघडताच आम्ही थांबलो. ते खरे आहे. पण डाव्या बाजूनेच थांबण्याच्या दोन्ही अटी लागू झाल्यावर उजवीकडे काय निघाले असते त्याने निर्णय बदलला नसता.